जयवंतीच्या तोंडी घातलेलं मत

सातपाटीत नळाला पाणी येणार नसलं, की ते आधी जयवंती पागधरेच्या आवाजात कळायचं. पोलिओचा डोस असो, मच्छीमार सोसायटीची सभा असो, वीज जाणार असो, तिच्या नवऱ्याची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची आणि टपावरच्या भोंग्यातून आवाज यायचा, "मी जयवंती बोलतेय." पुढचं ऐकायला बायका हातातलं काम ठेवून दारात यायच्या.

दवंडीचं हे काम खरं तर तिच्या नवऱ्याचं, एकनाथचं. तो पालघर स्टेशन ते सातपाटी रिक्षा चालवतो. ग्रामपंचायतीनं त्याला भोंगा बसवून दिला होता. एकदा त्याचा घसा बसला आणि मागे मासळीची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या जयवंतीनं माइक हातात घेतला. तो परत एकनाथकडे गेलाच नाही. तिचा आवाज काही गोड नव्हता. थोडा जाड, थोडा ओरखडलेला, बाजारात पापलेटाचा भाव सांगून सांगून तयार झालेला. पण त्यात घाई नसायची, आणि लोकांना तो आपल्या घरातला वाटायचा.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी दोन बोटी वेळेवर परतल्या नाहीत, तेव्हा सगळं गाव बंदरावर उभं होतं. दातिवऱ्याहून कोणाचा तरी फोन आला, बोटी इकडे लागल्यात. सरपंच म्हणाले, सांगून टाक. जयवंती म्हणाली, "तांडेलाला फोनवर द्या आधी." बोट चालवणाऱ्या त्या तांडेलाचा आवाज तिनं स्वतः ऐकला, दोन्ही बोटींवरची माणसं सुखरूप आहेत हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि मगच माइक तोंडाला लावला. त्या दिवसापासून तिचा शब्द म्हणजे गावाला पक्की बातमी झाली.

हा लौकिक बोईसरपर्यंत गेला. तिथे स्टेशनजवळ हर्षित नावाच्या तरुणाची जाहिरात एजन्सी आहे. कारखान्यांच्या पाट्या, दुकानांची पत्रकं आणि निवडणुका आल्या की प्रचाराच्या गाड्या, असं सगळं तो करतो. त्याला राज्य सरकारच्या प्रसिद्धीचं काम मिळालं होतं. सरकारनं केलेली कामं लोकांना सांगायची आणि त्या सांगण्याचा खर्चही सरकारनंच करायचा, असं ते काम. सातपाटीच्या बंदरावर मासळी सुकवायला पत्र्याची शेड झाली होती. तिच्याबद्दल बोलायला हर्षितला जयवंती हवी होती.

तिला काचेच्या खोलीत बसवलं. समोरच्या कागदावर लिहिलं होतं, 'शेड झाली आणि माझं आयुष्य उजळून निघालं.'

"हे मी नाय बोलणार," जयवंती म्हणाली. "आयुष्य नाय उजळलं. बोंबील सुकले."

हर्षित हसला. "ताई, तुमच्या भाषेत बोला."

मग ती बोलली, "मी जयवंती, सातपाटीची. आमच्या बंदरावर शेड झाली. माल भिजायचा, तो आता थोडा तरी वाचतो." हे सगळं खरं होतं. त्यानंतर त्यानं तिच्याकडून आणखी बरंच वाचून घेतलं. फळांची नावं, गावांची नावं, आकडे, कुठल्या तरी गोष्टीतले उतारे. "आवाज नीट बसावा म्हणून," तो म्हणाला. तिला वाटलं, माइक तपासत असेल.

सरकारी जाहिरात दाखवणारी, मोठा पडदा लावलेली गाडी किनाऱ्यावरच्या गावांतून फिरू लागली. वाणगावच्या तिच्या बहिणीनं फोन करून सांगितलं, "तुजा आवाज आमच्या नाक्यावर आला." जयवंतीला बरं वाटलं. का वाटू नये?

मग विधानसभेची निवडणूक लागली.

आचारसंहिता आली तशी पंचायतीची माणसं बंदरावर आली आणि शेडच्या फलकावर आमदारांचा फोटो होता, त्यावर त्यांनी गोणपाट बांधलं. दरवेळचीच पद्धत. आमदारांना सगळे भाऊ म्हणत. ते पुन्हा उभे होते. शेडसाठी त्यांनी खेटे घातले होते हे कोणी नाकारत नव्हतं, आणि जयवंतीनं आपलं मत मनात त्यांनाच ठरवलं होतं. एकनाथ सोडून ते कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात ती पालघरच्या बाजारात बसली होती. शेजारी सुलूआत्या होती. एकनाथची ही आत्या, वयानं मोठी, बोलायला थेट. तिचं घर पहिल्यापासून भाऊंच्या विरोधातल्या पक्षाचं. दोघी जोडीनं बसायच्या, वलांड्याही शेजारी शेजारी बांधायच्या. वलांड्या म्हणजे बोंबील टांगून सुकवायचे बांबूचे मांडव. मत कोणाला, हा प्रश्न त्यांच्यात कधी आला नव्हता.

रस्त्यावरून तीच पडद्याची गाडी आली. रंग बदललेला, वर पक्षाचे झेंडे. भोंग्यातून जयवंती बोलत होती. "मी जयवंती, सातपाटीची. आमच्या बंदरावर शेड झाली. ती भाऊंमुळे झाली. म्हणून माझं मत भाऊंनाच. तुमचंही त्यांनाच द्या."

हातातला कोयता तसाच धरून जयवंती गाडीकडे बघत राहिली.

"कवा गेलीस बोलायला?" सुलूआत्यानं विचारलं.

"आत्या, मी नाय बोलले हे."

"आवाज तुजा नाय?"

"माजाच हाय."

"मंग?"

गिऱ्हाईक आलं, आत्या पापलेट निवडून द्यायला लागली. मान वर न करताच ती म्हणाली, "शेडीत माजा बी पैसा हाय. काडेपेटी घेते त्यावर बी कर देते मी. मंग माजा आवाज कंच्या गाडीतनं फिरतो, ता सांग."

घरी आल्यावर जयवंतीनं सगळं एकनाथला सांगितलं. तो चहा पीत होता. "तू भाऊंनाच देणार हायस ना?"

"हो."

"मंग खोटं काय हाय त्यात?"

तिला हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते शब्दांत सापडत नव्हतं. वाक्य तर खरं होतं. तिनं ते उच्चारलं नव्हतं, एवढंच. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ती तेच उलटसुलट करत राहिली. एखाद्यानं आपल्या घरातून आपलंच भांडं न विचारता उचलून आपल्याच पाहुण्याला पाणी पाजलं, तर राग यावा की येऊ नये?

दुसऱ्या दिवशी ती बोईसरला गेली. हर्षितनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. लपवाछपवी काही केली नाही.

"ताई, हल्ली कॉम्प्युटरला आवाज शिकवता येतो. तुम्ही एवढं वाचलं होतं ना, त्यावरून शिकवला. आता तो काहीही बोलू शकतो."

"मला न विचारता?"

"तुमचं मत वेगळं आहे का?"

"नाय. पण ते मी घरात सांगितलंय. गावाला नाय सांगितलं."

हर्षितला फरक कळला नाही, किंवा कळूनही कळल्याचं दाखवायचं नव्हतं. तो म्हणाला, "भाऊंचंच तर काम आहे. चांगल्या माणसाचा प्रचार होतोय."

"रेकॉर्डिंगचा खर्च कोणी दिला?"

"सरकारनं. सरकारी काम होतं ते."

"मंग तो आवाज सरकारचा. भाऊंचा कसा झाला?"

"ताई, सरकार भाऊंचंच आहे!"

"सुलूआत्याचं नाय?"

आत्या कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो नुसता हसला. तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर दारात आला. "सर, गाड़ी वाणगाव ले जाऊँ?" हर्षितनं तिच्यासमोरच मान हलवली. मग तिला म्हणाला, "मी पक्षाच्या लोकांशी बोलतो. थोडेच दिवस आहेत."

निवडणूक कार्यालयात तक्रार करता आली असती. पालघरला जाताना ती त्या कार्यालयासमोरूनच रोज जायची. पण तिनं केली नाही. एकनाथच्या रिक्षाला हर्षितकडून काम यायचं. भाऊ पुन्हा निवडून आले तर शेड वाढवणार होते, आणि ती खरंच वाढायला हवी होती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला असंही वाटे, की आपण एवढ्या मोठ्या कोण लागून गेलो? थोडेच दिवस आहेत, जातील.

दुसऱ्या पक्षाची माणसंही घरी आली. "तुमी आमच्या भोंग्यावरून सांगा, ते खोटं हाय म्हणून. लोक ऐकतील."

"एका गाडीतनं उतरायला वाट मिळंना," जयवंती म्हणाली, "आणि तुमी मला दुसरीत बसवता?"

ती माणसं नाराज होऊन गेली. गावात एव्हाना तिची चेष्टा सुरू झाली होती. नळावर एक बाई म्हणाली, "मी जयवंती, बादली भरतेय. माजी बादली भाऊंनाच." सगळ्या हसल्या. जयवंतीही हसली. घरी येऊन मात्र तिनं भांडी जरा जोरातच आपटली.

मतदानाला आठवडा असताना समुद्रात वादळ उठलं. ते मोसमाचे दिवस नव्हते. आभाळ निरभ्र होतं, वलांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून रांगेनं टांगलेले, उन्हात चमकत होते. मत्स्यखात्याचा निरोप पंचायतीत आला. उद्या दुपारपासून वारा आणि पाऊस, माल झाकून ठेवा. बोटींना सोसायटीनं परस्पर कळवलं होतं. वलांड्यांच्या बायकांना कळवायचं काम जयवंतीचं.

ती दिवस मावळायच्या आत निघाली. एकनाथनं रिक्षा गल्लीच्या तोंडाशी लावली, तिनं माइक घेतला. "मी जयवंती बोलतेय..."

पहिल्याच गल्लीत कोणीतरी खिडकी लावून घेतली.

ती पुढे बोलत राहिली. उद्या पाऊस हाय, बोंबील उतरवा, जमेल तेवढे शेडीत आणा. दुसऱ्या गल्लीत काही जणांनी तिचा आवाज ऐकताच विरोधी पक्षाच्या घोषणा सुरू केल्या, तिला पुढचं काही बोलूच देईनात. भाऊंच्या बाजूच्या आळीत उलटं झालं. तिथे लोकांनी हसून हात हलवले आणि आत गेले. भाषण तर ते रोजच ऐकत होते. काही बायका थांबल्या, त्यांनी नीट ऐकलं, त्या लगबगीनं बंदराकडे निघाल्या. पण पूर्वी जसं गाव दारात यायचं तसं आलं नाही. सुलूआत्याच्या घरासमोर तिनं दोनदा सांगितलं. आत टीव्हीचा आवाज मोठा झाला. उतरून दार वाजवावं असं तिला वाटलं, पण बाजारातल्या त्या दिवसापासून आत्या तिच्याशी नीट बोलत नव्हती. रिक्षा पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला तो आडवा आला. शेडीत जागा मिळालेला माल वाचला. बाहेरचा भिजला, आणि पुढचे दोन दिवस ऊन पडलं नाही म्हणून काळा पडला. बंदरावर वास सुटला. खाण्याचा राहिला नाही, खताला द्यायचा उरला.

जयवंती बंदरावर गेली तेव्हा सुलूआत्या आपल्या वलांडीवरून बोंबील काढून पाटीत टाकत होती. हात लावला की मासा तुटून येत होता. जयवंती तिच्या बाजूला उभी राहून काढू लागली. पाटी भरत आली तेव्हा आत्या म्हणाली,

"आवाज आलता मला."

"मंग आत्या..."

"मला वाटलं पक्षाचं हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जयवंतीला सहन झालं नाही. आत्या चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर भांडता तरी आलं असतं. हातातले बोंबील पाटीत टाकून ती वाळूवर बसली. एवढ्या दिवसांत जे शब्दांत सापडत नव्हतं, ते आत्या सहज बोलून गेली होती. दातिवऱ्याचा फोन आला तेव्हा भाऊंच्या पक्षाची घरं आणि दुसऱ्या पक्षाची घरं एकाच आवाजावर विसंबली होती. तो आवाज तिच्या गळ्यातून निघत असला तरी तिच्या एकटीचा नव्हता. तो अर्ध्या गावाच्या हातून गेला, आणि जाताना ती गप्प बसली होती.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी भाऊंची सभा सातपाटीत होती. जयवंतीला व्यासपीठावर बोलावणं होतं. सगळ्यांनी आवाज ऐकला होता, आता बाई दिसायला हवी होती. एकनाथला वाटलं ती जाणार नाही. ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. भाऊंनी उठून नमस्कार केला, शेजारी बसवलं, पावसात माल गेल्याची आपुलकीनं चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. तेच तर अवघड होतं.

निवेदकानं नाव घेतलं. ती माइकसमोर उभी राहिली. 'मी जयवंती' हे पाठ असलेलं पहिलं वाक्य तिनं टाळलं.

"गाडीवर जी बोलते ती मी नाय. ता कॉम्प्युटरनं बनवलंय. मी मत कोणाला देणार, ता मी गावाला सांगितलेलं नाय, सांगणार बी नाय. शेड चांगली हाय. भाऊंनी फेऱ्या मारल्या, त्येंचे उपकार. पण पत्रे सगळ्यांच्या पैशाचे हायत. जे यांना मत देणार नाय त्यांच्या बी. माजा आवाज बी त्याच पैशानं घेतलाय. फोटोवर तुमी गोणपाट बांधलं. माज्या आवाजावर काय बांधणार?" ती खाली बसलेल्या बायांकडे वळली. "त्या दिवशी मी पाऊस सांगत होते. अर्ध्या गावाला वाटलं मी मत मागते. माल कुजला. आता गाडी बंद करा. यवडंच."

हर्षित व्यासपीठाच्या कडेला उभा होता, तो मोबाइलमध्ये बघू लागला. भाऊ मात्र हसत उठले. त्यांनी माइक घेतला. "बघा! ही आमची सातपाटीची बाई! तोंडावर खरं बोलते! मला अशीच माणसं आवडतात!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या तिला होत्या की भाऊंना, हे तिला कळलं नाही. पायऱ्या उतरताना तिला वाटलं, आपण बोललो खरं, पण बोललेलं या माणसानं उभ्या उभ्या गिळून टाकलं.

गाडी त्यानंतर सातपाटीत आली नाही. बहीण म्हणाली, वाणगावला मात्र ती शेवटच्या घटकेपर्यंत फिरत होती.

मतदान झालं. जयवंतीनं बटण कुठलं दाबलं हे एकनाथनंही विचारलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही याचं तिला नवल वाटलं. भाऊ निवडून आले. फलकावरचं गोणपाट निघालं. शेड वाढवायचं आश्वासन अजून आश्वासनच आहे, पण सरकारी माणसं मोजमाप करून गेलेत.

हर्षित काही महिन्यांनी पुन्हा आला. सरकारची नवी मोहीम होती. जयवंती म्हणाली, "बोलेन. कोणा पुढाऱ्याचं नाव नको. आणि रेकॉर्ड नको, मी समोर उभी राहून बोलेन." तो म्हणाला, असं नसतं ताई. त्यानं वैभवी नावाची वाणगावची एक शिकलेली मुलगी घेतली. तिचा आवाज जयवंतीनं बाजारात ऐकला. स्वच्छ, गोड आवाज होता. या पोरीला आवाजाचं पुढे काय होतं ते कोणी सांगितलं असेल का, असं तिच्या मनात आलं. मग तिनं बहिणीकडून त्या पोरीचा नंबर मिळवला आणि तिला फोन केला. काय बोलणं झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तिनं एक मागणी मांडली. पंचायतीचा भोंगा ज्या रिक्षावर आहे, ती रिक्षा निवडणुकीत कुठल्याच पक्षाचं काम घेणार नाही, असा ठराव करा. सरकारच्या जाहिराती आपल्या हातात नाहीत, हा भोंगा तरी आहे. एकनाथ तिथेच बसला होता. प्रचाराच्या दिवसांत रिक्षाला बरकत असते, ती घालवायला त्याची बायको उभी राहिली होती आणि तिनं त्याला घरी आधी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी घरी मोठं भांडण झालं. ठराव झाला, पण थोडक्या मतांनी. दोन्ही पक्षांच्या काही लोकांनी विरोधात हात वर केले. एकमेकांशी न बोलणारी ती माणसं त्या एका हातावर एकत्र आली.

दवंडी अजून जयवंतीच देते. पण लोकांना भोंग्याची पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. आवाज आला की ते बाहेर येऊन आधी बघतात, खरीच ती आहे का. म्हणून ती आता रिक्षात बसत नाही. माइकची वायर लांब करून घेतली आहे, एकनाथ हळूहळू रिक्षा चालवतो आणि ती पुढे पायी चालते. दारातल्या बाया तिला अडवून विचारतात, पाणी किती दिवस नाही, मोटर कुठली जळली, तुला कोणी सांगितलं. ती प्रत्येकीला उत्तर देते. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणते. पूर्वी अर्ध्या तासात उरकणारं काम आता सगळी दुपार खातं. रिक्षाचं इंधन जळतं म्हणून एकनाथ मागून हॉर्न वाजवतो. ती मागे न बघता हातानंच त्याला थांबायची खूण करते आणि पुढच्या दाराकडे वळते.